वीसपैकी एकोणीस

१५ जानेवारी १९७६, गुरुवार

आज अक्काला घेऊन सांगलीला जाऊन आलो. पहाटेची पॅसेंजर. रहिमतपूरच्या फलाटावर थंडीनं दात वाजत होते आणि अक्का मात्र पदर खांद्यावर टाकून शांत बसली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण बनाबाई. वय चौसष्ट. त्यातली पंचवीस वर्षं तिनं वेड्यांच्या इस्पितळात काढली. गेल्या वर्षी मी तिला घरी आणलं.

सांगलीला डॉ. हळबे म्हणून आहेत. पोरगेलेसे आहेत, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. साठीपुढच्या मनाच्या रोग्यांची त्यांनी एक वेगळी वही ठेवली आहे. अक्काला त्यांनी वीस प्रश्न विचारले. तारीख, वार, महिना, साल, हे गाव कोणतं, बरोबर कोण आलंय. मग तीन शब्द सांगितले, कंदील, पेरू, सुई, आणि थोड्या वेळानं तेच परत विचारले. विसातून तीन-तीन कमी करत जायचं. वारांची नावं उलटी म्हणायची. अक्काला तेरा गुण मिळाले.

मी इंग्रजीत विचारलं, पासिंग मार्क किती? डॉक्टर हसले. "यात पास-नापास नसतं, हवालदारसाहेब." मग म्हणाले, चार वर्षांच्या नोंदींत एक गोष्ट दिसते. ज्यांचे गुण टिकतात ती माणसं टिकतात. ज्यांचे वर्षभरात घसरतात, त्यांच्यातले बरेच दोन-तीन वर्षांत जातात. मी विचारलं, म्हणजे गुण गेले म्हणून माणूस जातं? "तसं नव्हे. अंगात कुठं तरी बिघडलेलं असतं. हे लोक सांगत नाहीत, आणि सांगितलं तर घरचे ते वेडात जमा करतात. गुण घसरले की आम्ही शोधायला लागतो."

हे शेवटचं मला नीट कळलं नाही. पहिलं कळलं. गुण टिकले तर अक्का टिकेल.

१७ जानेवारी, शनिवार

वही परत सुरू केलीच आहे तर खरं लिहितो. अक्काला त्या इस्पितळात मीच पोचवलं होतं. एकोणपन्नास साली. तिचं मूल गेलं, नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं, आणि ती अंगणातल्या आडाशी बोलायला लागली. आडातल्या बाया तिला उत्तरं द्यायच्या. वडिलांनी तिला म्हसवडला सिद्धनाथाच्या दारात तीन महिने बसवून बघितलं. मग मी सुट्टीवर आलो. घरात इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणून कागद मी भरला आणि सही मी केली. तिला सांगितलं की माझी पलटण दाखवायला नेतोय. फाटकात तिनं विचारलं, "नाथा, किती दिस?" मी म्हणालो, आठ.

पासष्ट साली मी निवृत्त झालो. तेव्हाच आणता आली असती. पण माझ्या दोन पोरी लग्नाच्या होत्या, आणि घरात वेडी आत्या आहे म्हटल्यावर कोण सोयरीक करणार होतं. दोघी उजवल्या आणि मग मी बहिणीला आणायला गेलो. माझी बायको शालूबाई तेव्हा एवढंच म्हणाली, "लय येळ लावला आपुन."

आणली त्या दिवशी अक्काला शब्द दिला आहे, आता परत तुला कुठं ठेवणार नाही. डॉक्टरांना काय माहीत यातलं. आठ वर्षं तरी तिला घरात मिळावीत. जास्त मागत नाही.

११ मार्च, गुरुवार

अकरा. दोन गुण गेले. साल चुकलं, सुई विसरली, वारांत तर नुसता गोंधळ.

डॉक्टर म्हणाले, "दोन महिन्यांत दोन म्हणजे मला बरं वाटत नाही. आठ दिवस इथं ठेवून घेतो. रक्त, छाती, सगळं बघू." आठ दिवस. अक्का शेजारीच बसली होती, तिनं ते ऐकलं, आणि माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून ठेवलं. मी डॉक्टरांना म्हणालो, ऊस तुटायचा आहे, घरात माणूस नाही. ऊस जानेवारीतच गेला. मी म्हणालो, दोन महिने द्या, गुण वाढले नाहीत तर तुम्ही म्हणाल ते. ते "बरं" म्हणाले. भला माणूस आहे.

गाडीत अक्का म्हणाली, "चुकलं का रं माजं लय?" मी म्हणालो, दोनच गुण गेले.

१४ मार्च, रविवार

आजपासून शाळा सुरू.

पलटणीत मी शिक्षण हवालदार होतो. सही येत नव्हती अशा पोरांना मी दाखल्याच्या परीक्षेत बसवलं आहे. एक ज्ञानू म्हणून होता, माणदेशातला, त्याला डावं-उजवं कळत नव्हतं, तो नकाशा वाचायला शिकला. माझी पद्धत एकच. बसून पाठ होत नाही, पाय हलले की डोकं चालतं. कदमताल करायचा आणि त्या ठेक्यात म्हणायचं.

अक्काला अंगणात उभं केलं. वीस, सतरा, चौदा, अकरा, आठ, पाच, दोन. एकेका पावलाला एक आकडा. आडापासून गोठ्यापर्यंत आणि परत. पाच फेऱ्या झाल्या आणि ती जोत्यावर टेकली, तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागली. पंचवीस वर्षं एका खोलीत बसलेल्या माणसाचं असंच होणार. सवय होईल.

शालूबाई दारातून बघत होती. "वन्संच्या घोट्यांला सूज दिसतीया," म्हणाली. चालायला लागली म्हटल्यावर चार दिवस पाय सुजणारच. रिक्रूटांचेही सुजायचे.

२ एप्रिल, शुक्रवार

आकडे झाले. न अडखळता म्हणते. भिंतीला पाटी टांगली आहे, तिच्यावर रोज सकाळी तारीख, वार, महिना, साल लिहितो. अक्काला अक्षर येत नाही, पण मी बोट ठेवतो तसं ती म्हणते.

वारांनी मात्र छळलं. शनिवारनंतर शुक्रवार म्हणायला ती तयारच होईना. "शनवारच्या म्होरं आईतवार असतोय रं. मागं कशापायी जायचं?" मी म्हणालो, परीक्षेपायी. त्यावर विचार करून म्हणाली, "तुमची परीक्षा उलटी हाय." मला हसू आलं. अशी बोलली की वाटतं, ही कधी वेडी नव्हतीच.

जेवण कमी झालं आहे. अर्धी भाकरी. उन्हाळा सुरू झालाय.

१९ एप्रिल, सोमवार

आज मन खट्टू झालं. बाया परत आल्या. म्हणजे अक्काला त्या दिसायला लागल्या. सकाळी फेऱ्या सुरू करणार तर म्हणाली, "नाथा, रातच्याला छातीवर बाई बसती. ऊठ म्हनलं तरी उठंना. मी उठून बसले की मंग जाती."

मला संताप आला. स्वतःवर, तिच्यावर, त्या आडावर. इतक्या वर्षांची औषधं आणि शेवटी बाई ती बाई. मी सांगितलं, "बाई-बिई काही नाही, ते मनाचे खेळ आहेत, परत तसलं बोलायचं नाही. डॉक्टरांपुढं तर अजिबात नाही, नाहीतर ठेवून घेतील." अक्कानं आपणहून वीस, सतरा, चौदा सुरू केलं.

बोललो ते जास्तच झालं असं वाटतं. पण ऐकते ती धाकानंच.

१३ मे, गुरुवार

सतरा.

हातात कागद धरून मी दोनदा मोजले. कंदील, पेरू, सुई तर डॉक्टरांनी नीट विचारायच्या आधीच म्हणाली. मी दाराशी उभा होतो आणि माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते, ते डॉक्टरांनी बघितलं नसावं. त्यांनी चष्मा वर सारला. "मला हे अपेक्षित नव्हतं. घरी आणल्याचा फरक पडलेला दिसतो." मी म्हणालो, घरचं वातावरण. नाडी बघितली, आत ठेवायचं नावही काढलं नाही.

बाहेर येऊन अक्काला बाजारात पेढा घेऊन दिला. तिनं एक घास खाल्ला आणि बाकीचा पदराला बांधला. "घरातच ऱ्हायलो न्हवं का आपुन?" तिनं विचारलं. मी म्हणालो, राहिलो. मला ढसढसा रडावंसं वाटलं. सांगलीच्या भर रस्त्यात, हळदीच्या पोत्यांच्या गाड्या चालल्या होत्या त्यांच्यामध्ये.

डॉक्टरांना फसवलं का मी? हा विचार गाडीत आला. मग वाटलं, पाठ केलेलं असलं तरी पाठ करायला डोकं लागतंच की. कुणी शिकवलं म्हणून विद्या खोटी होत नाही.

२ जून, बुधवार

शेजारच्या हरणाबाई आल्या होत्या. अक्काला म्हणाल्या, "कशी हाईस गं बना?" अक्का म्हणाली, "कंदील, पेरू, सुई." हरणाबाई हसत सुटल्या. मीही हसलो. शालूबाई हसली नाही.

नंतर मला चुलीशी गाठून म्हणाली, "आवं, त्यास्नी निजता येत न्हाई आता. भितीला टेकून बसूनच डोळं मिटत्यात. मी मागं दोन पोती ठेवलीयात." मी सांगितलं, इस्पितळात सवय लागलेली असते. तिथं खाटा कमी, माणसं जास्त. "आन दम?" म्हणाली. दमाचं काय, पाऊस तोंडावर आलाय, हवा कोंदट आहे, मलासुद्धा लागतो. "तुमाला फेऱ्या माराय न्हाई लावत कुणी," एवढं बोलून ती भाकरी थापायला लागली. बायकोचं बोलणं मनाला लागलं, पण तिला परीक्षा म्हणजे काय ते माहीत नाही.

२४ जून, गुरुवार

फेऱ्या पाचावरून तीनावर आणल्या. माझी इच्छा नव्हती, पण अक्का मध्येच उभी राहते. एक हात आडाच्या कठड्यावर, ओठ निळसर. तरी आकडा सोडत नाही. "अकरा," म्हणते, मग थांबते, श्वास घेते, "आठ." एवढी जिद्द मी एकाही रिक्रूटमध्ये बघितली नाही.

चेहरा भरलाय तिचा. गालांवर तकाकी आहे. घरचं दूध लागतंय अंगी. फक्त हात काडीसारखे का राहिले ते कळत नाही.

१५ जुलै, गुरुवार

एकोणीस. एकच चुकलं, तारीख. काल पाटीवर चौदा लिहिले होते तेच म्हणाली. माझी चूक, गाडीत मी तिला दोनदाच सांगितलं.

डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्या खोलीतून दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. वही उघडून दाखवली. तेरा, अकरा, सतरा, एकोणीस. "साठ माणसांत ही एकटी चढतेय," म्हणाले. अक्का खुर्चीत ताठ बसली होती, लुगडं पायाच्या बोटांपर्यंत ओढून. डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास आहे का, आजी?" ती माझ्याकडं बघून म्हणाली, "काय न्हाई." त्यांनी लिहिलं, आता दिवाळीनंतर आणा.

पायऱ्या उतरताना अक्का तीनदा थांबली. मी तिला जवळजवळ उचलूनच टांग्यात बसवलं. मला तेव्हा कसलीच काळजी वाटली नाही, इतका आनंद झाला होता. एकोणीस म्हणजे आठ काय, दहा वर्षं जगेल.

६ ऑगस्ट, शुक्रवार

तीन आठवडे वही हातात घेतली नाही. लिहिण्यासारखं चांगलं नव्हतं.

अक्का जेवत नाही. दिवसभर पोत्यांना टेकून बसते. पोट फुगलंय. काल मी पाटी घेऊन गेलो, म्हणालो, अक्का, आज वार कोणता? तिनं डोळे उघडले, "बेस्तरवार," म्हणाली. बरोबर होतं. म्हणजे डोकं शाबूत आहे. डोकं शाबूत आहे तोवर भिण्याचं कारण नाही, हे डॉक्टरांच्याच वहीत आहे. असं मी स्वतःला सकाळपासून किती वेळा सांगितलं ते मोजलेलं नाही.

शालूबाई म्हणते सांगलीला न्या. नेलं तर ठेवून घेतील. शब्द दिलाय मी.

९ ऑगस्ट, सोमवार. सांगली.

शालूबाईनं ऐकलं नाही. सकाळी स्वतः जाऊन जीप ठरवून आली आणि मला म्हणाली, "तुमी येताय का मी एकटी न्हेऊ?" एकतीस वर्षांत ती माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती.

डॉ. हळब्यांनी अक्काचं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. त्यांनी परत दाबला. "किती दिवस आहे ही सूज?" मी म्हणालो, थोडे दिवस. शालूबाई म्हणाली, "शिमग्यापास्नं."

त्यांनी छाती ऐकली, पाठ ऐकली. हृदय कमजोर झालंय, पंप नीट चालत नाही, पाणी अंगात आणि फुप्फुसात साठलंय. बरेच महिने झाले असणार. मग विचारलं, "आडवं झाल्यावर गुदमरतंय, असं कधी म्हणाल्या नाहीत?"

मी म्हणालो, नाही. मग म्हणालो, छातीवर बाई बसते म्हणायची. उठून बसलं की जाते म्हणायची.

डॉक्टरांनी कानातली नळी काढली आणि टेबलावर ठेवली. मी त्या खोलीतून बाहेर आलो आणि मला जायला जागा नव्हती.

११ ऑगस्ट, बुधवार

अक्का आज दुपारी सव्वाबाराला गेली.

सकाळी सुई दिल्यावर जरा बरी वाटली. मी खाटेशी बसलो होतो. परिचारिका आली, सहज म्हणाली, काय आजी, ओळखलं का? आणि अक्का लागली म्हणायला. वीस. सतरा. चौदा. मी म्हणालो, अक्का, नको. गप पड. तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणतच राहिली, प्रत्येक आकड्याला अख्खा श्वास लागत होता. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. शेवटी माझ्या हाताखाली तिचे ओठ हलायचे थांबले, तेव्हा मला वाटलं तिनं माझं ऐकलं.

२६ ऑगस्ट, गुरुवार

दिवस-कार्य झालं. पाहुणे गेले. आज शालूबाई माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, पोटात ठेववत नाही.

अक्कानं तिला शपथ घातली होती. मार्चपासून. पायांचं नाथाला सांगू नको, रात्री बसून असते ते सांगू नको. "मी सांगत हुते तुमास्नी अधनंमधनं, पर शपतंमुळं पुरतं बोलले न्हाई. त्या म्हनायच्या, येक चुकलं की माघारी न्हेत्यात. ह्यो परीक्षा घेतोय ती त्यासाठनंच. मी दुपारचं त्यांचं पाय चेपायला बसले की त्या तेच घोकत बसायच्या. रडत घोकायच्या. सांगलीला निघायच्या आदल्या दिशी पाणीसुदीक पीत नव्हत्या, म्हनं पाय बारीक दिसतील."

मी विचारलं, तू मला हिसका देऊन का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुमचं तोंड बगून भ्या वाटायचं. तुमी लय खुशीत हुता."

नंतर ही वही पहिल्यापासून वाचली. घोटे, दम, अर्धी भाकरी, पोती, निळसर ओठ. सगळं आहे. माझ्याच अक्षरात, तारीखवार. कुणा दुसऱ्यानं लिहिलेलं असतं तर मी त्याला चाबकानं मारलं असतं. स्वतःचं काय करायचं ते मला माहीत नाही. आडाकडं बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

९ सप्टेंबर, गुरुवार

सांगलीला एकटा जाऊन आलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. पाटी, फेऱ्या, कंदील, पेरू, सुई. ऊस तुटायचा होता हे खोटं होतं तेही. ही वही त्यांच्यापुढं ठेवली.

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडायला हवे होते. त्यांनी वही तासभर वाचली, बाहेर माणसं खोळंबली होती तरी. मग स्वतःची मोठी वही काढली आणि सतरा आणि एकोणीस यांच्यावर तांबडी रेघ मारली. "अकरा खरे होते," म्हणाले. "अकरावर मी तुमचं ऐकायला नको होतं. आणि एकोणिसाचं मला इतकं कौतुक वाटलं की मी पाय बघितले नाहीत. दर वेळी तोच कागद विचारला, ही माझी चूक."

मी म्हणालो, तुमची चूक आणि माझी चूक एकाच वजनाच्या नाहीत.

निघताना म्हणाले, दर गुरुवारी बाहेर चाळीस माणसं असतात, मला प्रत्येकाचे पाय बघायला होत नाही. तुम्ही येऊन बसाल का? वार-तारीख काही विचारायची नाही. झोप कशी लागते, जेवण किती जातं, चढताना धाप लागते का. त्यांनी माझ्याच पायावर अंगठा कसा दाबायचा ते दाखवलं. मी नुसता उठून आलो. मला कुणाचं भलं करायची उमेद नाही. भलं करायलाच गेलो होतो मी.

२३ सप्टेंबर, गुरुवार

गेलो. शालूबाई म्हणाली जा, घरात बसून आडाकडं बघण्यापेक्षा बरं.

बाकाच्या टोकाला एक म्हातारी होती, बाळाबाई, जतकडची. बरोबर मुलगा यल्लाप्पा, गिरणीत हमाली करतो. मी विचारलं, मावशी, निजताना उशाला काय घेता?

ती एकदम ताठ झाली. "आज बेस्तरवार. साल शहात्तर. गाव सांगली. ह्यो माजा ल्योक यल्लाप्पा. मला काय बी हुईत न्हाई." आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

यल्लाप्पा कौतुकानं हसला. "समदं तोंडपाठ हाय तिला, सायेब. म्हैनाभर घोटून घेतलंय. बाकावर बसून बसून आमाला बी प्रश्न पाठ झाल्यात."

उठून जावं, पहिल्या गाडीनं परत फिरावं असं वाटलं. पण म्हातारी माझ्याकडं बघत होती. डोळ्यांत नुसती भीती. ती भीती मी पाच महिने रोज सकाळी समोर उभी करून बघितली होती आणि तिला जिद्द म्हणालो होतो. मी फरशीवर उकिडवा बसलो. म्हणालो, "मावशी, मी डॉक्टर न्हाई. मी कुणाला ठेवून घेत न्हाई. माजी बहीण हितं यायची."

"बरी हाय का आता?"

"न्हाई. गेली. तिनं पाय दाखवलं न्हाईत, आन मी बघितलं न्हाईत."

यल्लाप्पाचं हसू गेलं. तो आईकडं बघायला लागला. म्हातारीनं लुगड्याखालून एक पाय हळूहळू पुढं केला, परत घेतला, आणि पुन्हा पुढं केला. मी नडगीवर अंगठा ठेवला, दाबला, उचलला. खड्डा पडला आणि भरेना.

"आलं का बरोबर?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, व्हय, बरोबर आलं. आणि डॉक्टरांना बोलवायला उठलो.